नाव चढल्यावर हार

आमच्या ह्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आधी एका डॉक्टरांची, मग बिल्डरची, शेवटी एका द्राक्षवाल्या शेठची. गाडी पुसायची ह्यांनी, तिची कुरकुर ओळखायची ह्यांनी, आणि कप्प्यातल्या आरसी बुकावर नाव मात्र भलत्याचंच. नोकरी सुटल्यावर पंचवटीतल्या एका मास्तरांकडून ह्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली. ती दारात लागली तशी मी हार आणायला निघाले, तर ह्यांनी मलाच अडवलं.

"आधी माझं नाव चढू दे. लोकांच्या गाड्यांना लय हार घातले मी. हिला नाव चढल्यावरच."

नाव काही चढेना. मास्तरांनी कर्ज कधीच फेडलं होतं, पण बँकेचा बोजा कागदावर तसाच राहिला होता. तो उतरल्याशिवाय गाडी आमच्या नावावर होणार नव्हती, आणि बँकेला जुने कागद सापडत नव्हते. मास्तर बिचारे आमच्याबरोबर खेटे घालायचे. दरम्यान ह्यांनी विक्रीच्या फॉर्मवर सही करून ठेवली. त्याआधी वर्तमानपत्राच्या कडेला सराव केला. मी म्हटलं, "लग्नाच्या रजिस्टरात केली होती का इतकी जपून?" तर म्हणे, "तेव्हा घाई होती."

रोज सकाळी कव्हर काढून गाडी पुसायचे आणि परत झाकून ठेवायचे. मी चिडवायचे, ते हसायचे.

बँकेचं पत्र एकदाचं आलं. उद्या जाऊ म्हणाले. सकाळी चहा मागितला आणि मी कप घेऊन आले तोवर खुर्चीतच गेलेले होते. पत्र टीव्हीशेजारी होतं. कितीतरी दिवस मी त्याला हात लावला नाही.

पुढे एकदा मास्तर आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "वहिनी, तुमची गाडी माझ्या नावावर किती दिवस राहू द्यायची? चला, मी येतो बरोबर." मी ह्यांच्या सहीचा फॉर्म पिशवीत घातला. माझ्या डोक्यात एकच होतं. आधी गाडी ह्यांच्या नावावर करायची, मग हवी तर माझ्या. एका दिवसापुरतं का होईना, मालकाच्या जागी ह्यांचं नाव आलं पाहिजे.

आरटीओच्या खिडकीतल्या क्लार्कने फॉर्म पाहिला, मृत्यूचा दाखला पाहिला.

"मावशी, गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी चढत नाही. नवीन फॉर्म भरा. सरांकडून थेट तुमच्या नावावर होईल."

"अहो, पण जिवंतपणी सही केलीय त्यांनी. ही बघा."

"दिसतेय मला," तो हळू आवाजात म्हणाला. माणूस वाईट नव्हता. तरी मी भांडले. सगळ्या रांगेसमोर भांडले, मास्तर "वहिनी, वहिनी" करत असताना. चोरा-चिलटांच्या नावावर गाड्या चढतात, माझ्याच माणसाने तुमचं काय घोडं मारलंय, असं विचारलं. मग रडूच फुटलं. ह्यांच्या सहीचा कागद परत मागून घेतला आणि नव्या फॉर्मवर माझी सही केली. वाकडीतिकडी आली. मी काही सराव केला नव्हता.

कार्ड पोस्टाने घरी आलं. मालक म्हणून माझं नाव, जिला धड सायकल येत नाही. आणि त्याखाली, पतीच्या जागी, बारीक अक्षरात ह्यांचं. ज्याने जन्मभर पुढच्या सीटवर बसून गाडी हाकली, त्याला कागदावर शेवटी मागेच बसवलं. कार्ड उराशी धरून मी रडले. पण मागे का होईना, नाव चढलं होतं, आणि नाव चढल्यावर हार हे त्यांनीच ठरवलेलं होतं.

संध्याकाळी पंचवटीच्या बाजारात गेले. फुलवाली बाई अनोळखी होती. झेंडूचे हार चाचपत तिने विचारलं, "ताई, गाडीला पाहिजे का फोटूला? लांबी येगळी असती."

मी म्हटलं, "दोन्हीला द्या. एकाच माणसाचं आहे दोन्ही."