स्मरणाच्या टेबलावरचा हार

ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे मस्कतच्या रुवी भागातली मराठी मंडळी रविवारची उपासना शुक्रवारी करते. आमच्या नगर जिल्ह्यातल्या चर्चचं या मंडळीशी जुनं नातं. २०१० नंतरच्या दशकात, एका एप्रिलमध्ये, आम्ही पाच जण तिच्या भेटीला गेलो. जाणार आठ जण होते; तिघांचे व्हिसा आले नाहीत. हार मात्र आधीच आठ मागवलेले होते.

चर्चच्या आवारातलं सभागृह निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्यांना तासांनी वाटून दिलेलं होतं. आमच्यानंतरची वेळ रवांडाच्या मूठभर लोकांची होती. त्यांच्या देशात झालेल्या नरसंहारातल्या मृतांचं स्मरण ते दर एप्रिलला करत. मस्कतमध्ये त्यासाठी स्मारक नव्हतं. एक टेबल मांडायचं, त्यावर फोटो ठेवायचे, मेणबत्ती लावायची आणि नावं घ्यायची. तिथल्या पाळकांच्या सांगण्यावरून आम्हीही त्यासाठी थांबणार होतो.

उपासना वेळेवर संपली. सत्कार संपेना. प्रत्येक पाहुण्याला शाल, हार, मग परिचय, मग ‘दोन शब्द’. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाईच म्हणत, चर्चच्या जुन्या छपराच्या इतिहासापर्यंत पोचल्या होत्या. तेवढ्यात दारातून आवाज आला.

“अहो, उपासना आहे की ग्रामसभा?”

बोलणारा रत्नागिरीकडचा होता, मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा ड्रायव्हर. पाळकांनी त्याला बाजूला घेतलं. त्याचा आवाज तरीही सगळ्यांना ऐकू येत होता.

“फादर, बाहेर ती रवांडाची नर्स उभी आहे ना, तिचा भाऊ माझ्या गाडीत बसलाय. आमच्याकडे वेल्डर आहे. ती दरवर्षी बोलावते, हा दरवर्षी नाही म्हणतो. आईचं नावसुद्धा कधी तोंडातून काढत नाही. आज कसाबसा आणलाय. रात्रपाळी आहे त्याला. आता म्हणतो, यल्ला, चल परत. तुमचं आटपलं नाही तर गेला तो, सांगून ठेवतो.”

“झालं माझं,” म्हणत बाईंनी माईक खाली ठेवला. त्यांना ओळखणाऱ्या आम्हा चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

खुर्च्या हलवल्या गेल्या. नर्स आपल्या लोकांबरोबर आत आली. दाराकडे बघत बघतच तिने टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि फोटो मांडले. सर्वांत मोठ्या फोटोत घरासमोर बाकावर बसलेली एक स्त्री होती, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मुलगा. बाईंना टेबल रिकामं वाटलं. उरलेल्या तीन हारांतला एक त्यांनी उचलला आणि त्या फोटोला घातला.

नर्सला त्यात वावगं वाटलं नाही. ती “थँक यू” म्हणाली. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला.

“बाई, काय केलंत! फोटोतली पोरगी ही तुमच्यासमोर उभी आहे. आणि तो पोरगा माझ्या गाडीत! जित्या माणसांना हार?”

“अगं बाई!” बाईंचा हात पुन्हा हाराकडे गेला. तोवर वाट पाहून कंटाळलेला भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. सोहारला त्याच्या खोलीवर सगळे भारतीय. हार घातलेल्या फोटोचा अर्थ त्याला कळत होता. त्याने फोटोकडे पाहिलं.

“अरे भाई, मैं मरा नहीं. नाइट ड्यूटी है मेरी.”

ड्रायव्हरने नर्सला हाराची भानगड समजावली आणि सर्वांत मोठ्याने तीच हसली. भाऊ टेबलापाशी आला. हार त्याने स्वतःच काढला.

“माफ करना बेटा, आदत से हो गया,” बाई म्हणाल्या. “ये सिर्फ मम्मी को. हां? सिर्फ मम्मी को.”

एका चौकटीतल्या तिघांपैकी एकीलाच हार कसा घालायचा, याचा त्याने थोडा विचार केला. मग फोटो आडवा ठेवला, हार दुमडून लहान केला आणि आईच्या चेहऱ्याभोवती कड्यासारखा मांडला. वाकलेला असतानाच त्याने आईचं नाव घेतलं. मेणबत्ती लावायला निघालेली बहीण काडी हातात धरून थांबली. त्याने नाव पुन्हा घेतलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पुढचं तो त्यांच्या भाषेत बोलला. बहीण आम्हाला मधूनमधून, इस्पितळातल्या भारतीय नर्सेसकडून शिकलेल्या हिंदीत सांगत होती. पाय धुतल्याशिवाय आई घरात घेत नसे. दारात पाण्याचा घडा असायचा. एकदा याने तो बहिणीवर ओतला.

“एकदा?” ती मध्येच त्याच्यावर उखडली. “रोज!”

दोघांची जुंपली. त्यांची माणसं हसली, आणि अर्थ कळल्यावर आम्हीही हसलो. ड्रायव्हर दाराबाहेर जाऊन फोनवर मालकाशी बोलू लागला. “अर्बाब, थोडा लेट होगा. गाडी ठीक है. आदमी भी ठीक है.”

आत भावाने पुढचं नाव घेतलं, मावशीचं. आधीच्या वर्षांत घरातल्या माणसांची नावं बहीण एकटीच घेत आली होती. तिने मेणबत्ती लावली, पहिल्या रांगेत बाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि ऐकू लागली.