तुरिनहून आलेला नैवेद्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भजनात शेजारी बसणाऱ्या बायकांना नाही, देवाला तर नाहीच. त्याच्या डोळ्यांदेखत घडलं, त्याला वेगळं काय सांगायचं? तुम्हाला सांगते. आमची कुंभकोणमची मराठी जुनाट वाटली तर वाटू दे.

माझा धाकटा भाऊ सीनू इटलीत, तुरिनला नोकरी करतो. आई गेली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी पोचला, आणि अप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. चार वर्षं. त्याचा फोन आला की उठून बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, जाऊन बसायचे. आणि मी? मी इथेच. शाळेतली नोकरी सोडली. अप्पांचं पथ्यपाणी, औषधं, अंघोळ — सगळं माझ्याकडे. मिरवत नाही हं मी. मिरवतेय की, कळतंय मला.

आमच्या घरात 'चुकलो' असं कुणी म्हणत नाही. जिभेला तसं वळणच नाही. चुकलेल्यानं गोड पाठवायचं, दुसऱ्यानं ते विठ्ठलापुढे ठेवून खायचं — झालं, मिटलं. मरुदानल्लूरच्या आत्यानं असाच मैसूरपाक पाठवून अप्पांशी कितीतरी वर्षांचा अबोला संपवला होता.

तर सीनूनं डबा पाठवला, इकडे येणाऱ्या एका मित्राबरोबर. तिकडची जुनी मिठाई. हेझलनट म्हणून एक गोल दाणा असतो, तो भाजून, वाटून चॉकलेटात घोटलेला. उपड्या होडीसारखे तुकडे, प्रत्येकाला सोनेरी कागद. तुरिनला गेलेला माणूस येताना हेच घेऊन येतो म्हणे. सोबत मला निरोप: अक्का, तीन दुकानं फिरलो, यात अंडं नाही, दारू नाही, तरी तू एकदा वाचून बघ आणि अप्पांना सांग. मी फोन धरून डब्यावरची ती परकी अक्षरं मराठीत करून घेतली. साखर, दाणे, कोको. खोट काढायला जागाच नव्हती.

त्या सकाळी अप्पा कसे होते सांगू? सोवळं स्वतःच नेसले, माझा हात नको म्हणाले. एक तुकडा कागदासकट चांदीच्या वाटीत ठेवला. त्या दाण्याचं नाव मला दोनदा विचारलं. सीनू वाळलाय का गं, असंही विचारलं. चार वर्षांत मी जेवले का, हे एकदा तरी विचारलं होतं? मला ते बघवेना. मत्सरच तो — दुसरं नाव कशाला शोधू?

तुळशीचं पान हातात धरून ते म्हणाले, "यात काही नाही ना?"

एवढंच. मी 'नाही' म्हणायचं होतं. खरं तेच होतं.

"दारू आहे, अप्पा," मी म्हणाले. "डब्यावर लिहिलंय."

त्यांनी पान परत तबकात ठेवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी घाबरून खरं बोलले असते का? कोण जाणे. नुसतं म्हणाले, "देवाच्या घरी दारू पाठवली त्यानं." मग डबा घेऊन जा म्हणाले. मी तो गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला. सीनूला कळवलं, अप्पांनी एक तुकडाही खाल्ला नाही. बघा, हे मात्र खोटं नव्हतं. जळली मेली माझी हुशारी.

सहा महिन्यांनी अप्पा गेले. या वेळी सीनू वेळेत पोचला. दिवस झाल्यावर मी अप्पांच्या झांजा पिशवीतून काढत होते, तर तळाशी सोनेरी कागद लागला. वाटीतला तो तुकडा — उन्हाळ्यानं वितळून चपटा झालेला. जन्मभर कांद्याला न शिवलेला माणूस. यात दारू आहे असं मानत होता, माझ्या शब्दावर. तरी त्यानं तो टाकला नाही, देवाच्या झांजांपाशी ठेवला. कळतंय ना तुम्हाला, काय म्हणते ते? मला तेव्हाच कळलं.

सीनू पलीकडच्या खोलीत होता. नुसती हाक मारायची होती — सीनू, इकडे ये, हे बघ. मी दार लोटून घेतलं. कागद सोडवला आणि तो तुकडा तिथेच उभ्यानं खाल्ला. कागद केराच्या तळाशी खुपसला.

निघताना सीनू माझ्या पाया पडला. "अक्का, तू होतीस म्हणून अप्पांचं सगळं नीट झालं," म्हणाला. "माझ्यावरचा राग ते घेऊनच गेले. चूक माझीच."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जपून जा म्हणाले.