चित्रात नसलेला पूल

शकू, आम्ही कॅनडाला निघालो त्या दिवशी नागपूर स्टेशनावर तुझे बाबा, माझे वामनकाका, रडले होते, आठवतं ना? पुडाच्या वड्यांचा डबा माझ्या बाबांच्या हातात कोंबत वामनकाका म्हणाले होते, "काहून जाता गा मास्तर? हे घर तुमचंच हाय." बाबांनी डबा घेतला. गाडी सुटल्यावर तो माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तू खा वं. मले भूक नाही." मी सगळ्या वड्या चाटूनपुसून खाल्ल्या. आज त्या आठवल्या तरी डोकं फिरतं.

माझे बाबा चिनी आहेत, हे आपल्या नंदनवन वस्तीत कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं. ते आपले मास्तर, नदी-डोंगरांची चित्रं काढणारे. त्यांच्या चित्रांतलं ऊन विलायती तैलरंगांचं आणि धुकं त्यांच्या वडिलांच्या काळ्या शाईचं. काम करायची रीत मात्र अस्सल चिनी. खाप्याला कन्हान नदीच्या काठी, पुलाजवळ, दिवसभर नुसते बघत बसायचे, कागदावर एक रेघ नाही. मग घरी येऊन आठवणीतून अख्खी नदी उतरवायचे. उमरेडच्या विणकरांच्या घरातले तुझे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी ही रीत शिकायला आमच्याकडे यायचे. कौतुकानं म्हणायचे, "मास्तर, तुमच्या तं डोक्यातच नकाशा हाय गा!"

बासष्टची चीनशी लढाई झाली आणि पोलीस आले. आई आधीच गेली होती. आम्हा बापलेकीला हेरगिरीच्या संशयावरून राजस्थानातल्या छावणीत नेऊन टाकलं. तिथल्या साहेबानं बाबांना विचारलं, "पुल के पास बैठते हो, घर जाके बनाते हो. सारा नक्शा दिमाग में है ना?" हे शब्द मुळात कुणाचे, ते बाबा समजले. सुटून परत आलो, पण नागपुरात त्यांचा जीव लागेना. मला हे त्यांनी टोरांटोत सांगितलं, फार उशिरा. तोवर मी वामनकाकांना दर दिवाळीला कार्ड पाठवत होते.

दुसऱ्या कुणी पोलिसांना सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, घाबरला असेल बिचारा. पण तुझ्या बाबांना तो माणूस नदीकाठी का बसतो हे माहीत होतं, शकू. त्यांना तेच तर शिकवलं होतं!

इथे तलावाकाठी बाबा बसल्या बसल्या चित्र काढायला घ्यायचे. कडाक्याच्या थंडीत, हातमोजे घालून. कागद मुद्दाम रस्त्याकडे वळवून ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. नुसतं बघत बसणं त्यांनी मरेपर्यंत पुन्हा केलं नाही. चित्रं वाईट नव्हती, विकलीही गेली. पण त्यांत ते धुकं कधी आलं नाही.

तू लिहितेस, बाबा थकलेत, एकदा घरी ये. मास्तरांनी दिलेलं कन्हानचं चित्र अजून बैठकीत आहे म्हणतेस. मग ते जरा नीट बघ. नदी आहे, धुकं आहे, पूल नाही. पूल माझ्या बाबांना कधी हवाच नव्हता. पोलीस आले तेव्हाही ते चित्र तिथंच टांगलेलं होतं. काकांनी नुसतं उतरवून पोलिसांना दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

मी येणार नाही. पण ते चित्र कुणाला देऊ नकोस. घर म्हणून माझं आता तेवढंच उरलंय, आणि ते तुझ्या बाबांच्या भिंतीवर आहे.