पावसाळ्यातल्या रजेत बांधलेलं घर

मी मस्कतला निघालो त्या सकाळी आमच्याकडे रडारड झालीच नाही, कारण ऐन वेळी बाबा मला लाकडं दाखवायला परसात घेऊन गेले. आई दारात दही-साखरेची वाटी घेऊन ताटकळत उभी, एसटीला जेमतेम अर्धा तास, निरोपाला आलेली माणसं खोळंबलेली, आणि हा गृहस्थ एकेका ओंडक्यावर थाप मारून सांगतोय, हा मधल्या खांबाचा, हा आढ्याचा, ह्याला जरा पीळ आहे पण वासे निघतील. आमच्याच डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतला साग होता. मला मुंबईला जायची गाडी चुकायची भीती, त्यांना कसलीच नाही.

"दोन वर्षांत सुकून तयार व्हतील," बाबा म्हणाले. "तूपण दोन वर्षांत ये. मग बांदू."

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. बाबा सुतार होते आणि गावातल्या निम्म्या घरांची आढी त्यांनी चढवली होती. आम्ही मात्र मातीच्या भिंतींच्या आणि बांबूच्या वाशांच्या घरात राहायचो, आणि त्यात काही विचित्र आहे असं घरात कुणालाच वाटत नसे. मला वाटायचं. त्यामुळे आमचं दोघांचं ठरलं होतं, की घर उभं करायचं ते अख्खं सागाच्या सांगाड्यावर. खांब, तुळया, वासे, सगळं आपल्या दोघांच्या हातचं. दुसऱ्या सुताराचा हात लागायचा नाही आणि सांध्यात एक खिळा मारायचा नाही. ते घर बाबांच्या हयातीत उभं राहावं आणि त्यात त्यांच्याबरोबर मीही राहावं, एवढीच माझी इच्छा होती. बाकी आयुष्यात मला कमीजास्त काहीही चाललं असतं.

मस्कतजवळ बौशरला दारं-खिडक्यांच्या कारखान्यात मला काम मिळालं. बाबा ज्या फळीवर अर्धा दिवस रंधा मारत बसायचे, ती तिथं मशीनमधून चहा पिऊन होईस्तोवर गुळगुळीत होऊन बाहेर यायची. हात कमी दुखायचे, पण उन्हानं आणि भुश्श्यानं जीव नकोसा व्हायचा. माझ्या शेजारच्या पलंगावर पॉलिशवाले हसनभाई, दापोलीकडचे. पहिल्या महिन्यात मी गप्प गप्प असायचो तेव्हा ते म्हणाले, "अरे, सगल्यांचा असाच व्हता. एकदा घराचा काम चालू झाला का दिवस पटापट जातात." त्यांच्या घराचं काम तेव्हा अकरा वर्षं चालू होतं.

तिथल्या कोरड्या हवेत लाकूड जागचं हलत नाही. आज बसवलेला सांधा वर्षानं बघा, तसाच. सुताराला याच्यापेक्षा मोठं सुख नाही, आणि सुताराची सवय बिघडवायला याच्यापेक्षा सोपी गोष्ट नाही, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांनी रजा मिळाली ती जुलैत. आखातात राहिलेल्यांना कारण सांगायला नको. उन्हाळ्यात तिकडे गिऱ्हाईक थंड असतं, बांधकामं मंदावतात, म्हणून माणसं तेव्हाच सोडतात. आमचा अर्बाब, म्हणजे मालक, सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचा, "सर्दी में काम, गर्मी में छुट्टी, खलास." त्याची गर्मी म्हणजे आमच्या कोकणातला भर पावसाळा. ज्या महिन्यांत गावात कुणी कुदळ लावत नाही त्या महिन्यांत मी घर बांधायला हजर.

परसातल्या मांगराच्या छपरावर प्लास्टिक ताणून मी कामाला बसलो. मस्कतहून आणलेलं रंध्याचं मशीन वीज असेल तेव्हा चालवायचं आणि नसेल तेव्हा बाबांची पटाशी. तुळईचं तोंड खांबाच्या खाचेत शिरेना, की मी ते थोडं तासायचो, पुन्हा बसवून बघायचो, पुन्हा तासायचो. बाबा उकिडवे बसून बघत होते.

"वसंता, लाकूड आता पानी प्यालंय," ते म्हणाले. "दिवाळीनंतर सुकंल, तवा बसवू."

"दिवाळीला मी कुठं असणार बाबा?"

ते उठले आणि तुळईचं दुसरं टोक धरलं. पावसात सांधा कापू नये हे सुताराच्या पोराला सांगावं लागू नये. पण माझ्याकडे पंचेचाळीस दिवस होते, त्यातले नऊ भिजत गेले होते, आणि मस्कतच्या लाकडानं माझ्या मनातून तो धडा पुसून टाकला होता. त्या रजेत निम्मे सांधे झाले, उरलेले दोन वर्षांनी पुढच्या जुलैत. सगळे भर पावसात, फुगलेल्या लाकडावर.

आता सांगाडा उभा करायचा, तर तो कोरड्या दिवसांतच करायला हवा होता. आमच्याकडे आढं चढताना घरच्या कर्त्या मुलानं नारळ बांधून पहिला हात लावायचा असतो. मी अर्बाबाकडे डिसेंबरात आठ दिवस मागितले. तो प्रेमानं "इन्शाल्ला" म्हणाला. तुमच्यातले जे तिकडे राहिलेत त्यांना हे असलं इन्शाल्ला ओळखता येतं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, आणि शेजारच्या गावचा एकजण रजा संपवून ओमानात बरकाला परत आला त्याच्याबरोबर बाबांनी कॅसेट पाठवली. आवाज थेट समुद्रापलीकडे पोचवायचा आहे अशा बेतानं ते ओरडत होते. "आढं चढलं. नारळ तुज्या नावानं मीच बांदला. सांदे बेस बसले. येकदम बेस. काय बी काळजी करू नको." मागे ठोकल्याचा आवाज चालू होता. हसनभाईंनी ती कॅसेट माझ्याबरोबर दोनदा ऐकली आणि म्हणाले, "बापूस खूश हाय तुजा." आढं माझ्याशिवाय चढलं याचं वाईट वाटत होतं, पण सांधे बसल्याच्या आनंदात मी ते गिळून टाकलं.

पुढच्या जुलैत घर पाहिलं. कौलं चढलेली, पडवीत बाबा टेकून बसलेले, बाहेर धो धो पाऊस. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी खांबापाशी गेलो आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. नख शिरेल एवढीसुद्धा फट नव्हती. एकेक सांधा तपासत मी घरभर फिरलो आणि बाबा माझ्या मागनं. मला वाटलं, जमलं. मस्कतला परत गेल्यावर मी हे ज्याला त्याला सांगत सुटलो, इतकं की हसनभाई नव्या माणसाची ओळख करून देताना म्हणायचे, "याच्यासमोर घराचा विषय काढू नको, जेवण थंड होईल."

मग लग्न झालं, तेही जुलैच्या रजेतच. फोरमन झाल्यावर सुनंदाला तिकडे नेता आलं. अल खौदला दोन खोल्या, एसीची घरघर, आधी पूर्वा, मग तिचा भाऊ. आता रजा शाळेवर ठरू लागली आणि शाळेला सुट्टी पुन्हा पावसाळ्यातच. पूर्वानं एकदा विचारलं, "बाबा, आपण गावाला ऑलवेज रेनमध्येच का जातो? तिकडे सन नसतो का?" तिच्या आजोबांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

दर खेपेला मी म्हणायचो, दोन वर्षांनी कायमचाच येतो. पहिल्यांदा मनापासून म्हणालो. नंतर फी, मग सासऱ्यांचं ऑपरेशन, मग पूर्वाची पहिली. बाबांनी कधी जाब विचारला नाही. मुलं मराठीत अडखळायची आणि बाबा त्यांच्याशी खुणांनी बोलायचे. मी पडवीत बसलो की ते मला पाटावर नको, खुर्चीवर बस म्हणायचे, पाहुण्याला म्हणतात तसं. मला ते लागायचं, पण बोलायची ताकद नसायची. रजेवर माणूस आराम करायला जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रजा घेऊन बघावी.

बाबा गेले ते जानेवारीत. फोन आला तेव्हा मी एका दाराला कडी बसवत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात पोचलो. सगळं उरकलं होतं. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही याचा राग धरायला मला तोंड नव्हतं.

पंधरा वर्षांत मी पहिल्यांदाच आपला गाव कोरडा पाहत होतो. आंब्याला मोहोर, अंगणात लाल धूळ, आणि घरात नुसती माणसं. सहाव्या-सातव्या दिवशी दुपारी भेटायला आलेले एक काका मधल्या खांबाला टेकले, आणि वर कर्रकन आवाज झाला. मी मान वर केली. तुळई आणि खांबाच्या मधे बोटभर फट होती. त्या फटीत लाकडाची पाचर ठोकलेली. पुढचा सांधा बघितला, तिथंही पाचर. त्याच्या पुढच्यात नुसतीच फट. कोरड्या हवेत सुकून आक्रसलेलं माझं सगळं काम माझ्या डोळ्यांसमोर उघडं पडलं होतं.

लोक गेल्यावर आईला विचारलं. तिनं फळीवरून दुधाच्या पावडरचा डबा काढला, मीच कधीतरी आणलेला. आत फणसाच्या पाचरी. प्रत्येकीवर बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा, कुठल्या खांबाची, कुठल्या बाजूची.

"दरसाल दिवाळी झाली का ठोकायचे," आई म्हणाली. "मे म्हयन्यात काडायचे, नायतर पावसात लाकूड फुगतं न् खांब चिरतो. मग तू येयाचास. येवडे म्हयने त्यांचं दुखनं, म्हनून औंदा अर्ध्यावरच ऱ्हायलं."

"मला सांगितलं का नाही?"

"मीपण म्हनलं, सांगा. तर म्हनले, तो तिकडं येकटा हाय, त्याला सांगून काय करायचं? सांदे त्याचे हायत, मी नुसता राखतो."

मला आधी रागच आला. नऊ वर्षं मी ज्या कामाची फुशारकी मारली ते काम दरसाल एक म्हातारा माणूस शिडीवर चढून सांभाळत होता, आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत सांध्यांवरून अंगठा फिरवून मान डोलावत होतो. मग राग ओसरला आणि मी त्या डब्यासमोर बसून रडलो. स्मशानात रडायला मिळालं नव्हतं, ते तिथं रडलो. दिवे लागेपर्यंत उरलेल्या पाचरी मी ठोकून घेतल्या. बाबांच्या खुणा इतक्या नीट होत्या की एकही चुकली नाही.

तेव्हापासून मी डिसेंबरात दहा दिवस घरी जातो. एकटाच. मुलांची शाळा असते आणि सुनंदाला त्यांना सोडून निघता येत नाही. पाचरी मी ठोकून येतो, मेमध्ये आई त्या शेजारच्या पोराकडून काढून घेते. आता कारखाना अर्बाबाचा मुलगा बघतो. त्याला मी सांगितलं, पगार काप पण सोड. तो म्हणाला, घरी काय एवढं काम आहे? मी म्हटलं, सांधे. तो सुतारांना माणसं समजतो, त्यामुळे हो म्हणाला. तुम्ही विचाराल, कायमचा का येत नाहीस? थकलोय म्हणून येत नाही, असं उत्तर दिलं तर तुम्हाला पटणार नाही. पण एकदा सगळं उचलून पुन्हा मांडायला जेवढं बळ लागतं तेवढं आता शिल्लक नाही. दहा दिवसांपुरतं आहे, आणि ते मी वापरतो. माझं घर म्हणजे आता हे दहा दिवस आहेत.

खरं तर काम कठीण नाही. सुक्या सागाच्या पट्ट्या घेऊन तुळयांची तोंडं भरायची, कोरड्या हवेत, पावसात फुगायला केसभर जागा ठेवून, नव्यानं तासून बसवायची. आठवड्याचं काम. दोन पावसाळे काढले की पुन्हा बघायला नको. मला ते पहिल्याच डिसेंबरात कळलं होतं.

गेल्या खेपेला मी शिडी लावत होतो तेव्हा आई म्हणाली, "वसंता, येकदाचं नीट करून टाक ना. दरसाल किती धावशील?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी करू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सुताराची बायको आणि सुताराची आई, तिला आठवड्याचं काम कळत नाही असं थोडंच आहे. पण ती पदर खोचून आली आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली.