एकादशीला थेंब नाही

श्रीपतराव कॉफीचा लोटा उचलत नसत. तो शिवणयंत्राच्या फळीवर ठेवायला लावत, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरत आणि मान वाकवून तोंडच लोट्यापाशी नेत. पहिला घोट असा, दुसराही असाच. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "हे काय श्रीपतराव, वासरासारखं?" मी विचारलं. ते ओशाळून म्हणाले, "कॉफी गरम आहे, अक्का. बोटं भाजतात. अष्टे."

अष्टे म्हणजे कानडीत 'एवढंच'. हा शब्द श्रीपतरावांच्या तोंडी सारखा असे. पुढे काही विचारू नका, असं त्यांना सुचवायचं असलं की तो हमखास येई. बायको गेल्यावर मी भेटायला गेले, तेव्हाही ते म्हणाले, "लीला गेली. अष्टे." आणि समोरच्या कापडावर खडूने रेघ ओढत बसले.

आमच्या घराची रस्त्याकडची खोली माझ्या वडिलांनी त्यांना दुकानासाठी दिली होती. म्हैसूरमधल्या आमच्या या गल्लीत तेव्हा बरीच मराठी घरं होती. हळूहळू सगळे शहराच्या टोकाच्या विजयनगर वस्तीत आणि आणखी कुठे कुठे गेले. माझे आईवडील वारले, मी बँकेतून निवृत्त झाले, लग्न मी केलंच नव्हतं. घरात आवाज असा राहिला तो भिंतीपलीकडच्या यंत्राचा. ते चालू झालं की मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटे. लीला गेल्यानंतर श्रीपतरावांनी भाड्याचं घर सोडलं आणि ते दुकानातच राहू लागले. एका भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ते. दोघंही आपापल्या ताटात एकेकटे जेवत होतो.

कारागीर मात्र असा की बोलायची सोय नाही. बाई दारात उभी राहिली की त्यांना खांद्याचं माप कळे. टेप फक्त तिच्या समाधानासाठी. "वजन उतरलं म्हणून सगळ्याच सांगतात, अक्का. ब्लाउज काय सांगतो ते मला विचारा," असं हळूच म्हणत. विजयनगरला गेलेल्या बायका दोन बस बदलून त्यांच्याकडे येत. फक्त सकाळी कुणी आलेलं त्यांना चालत नसे. सकाळी कात्री खणात असे. नऊ वाजले की "जरा जाऊन येतो" म्हणत ते कोपऱ्यावरून वळत आणि थोड्या वेळाने परतत, तेव्हा हात असे स्थिर की सुईत दोरा एका खेपेत जाई.

ते कुठे जात हे गल्लीला ठाऊक होतं. कोपऱ्यामागच्या दुकानात दारूची लहान पाकिटं मिळत, मुलांच्या ज्यूससारखी. लीला होती तोवर ते रात्री जेवणाआधी थोडी घेत. ती गेल्यावर रात्रीची संध्याकाळी सुरू झाली, मग दुपारच्या जेवणाला आली, आणि जेवणच मागे पडलं. शेवटी ती सकाळच्या कॉफीला येऊन भिडली. आधी जेवढीने झोप लागे, तेवढीने नंतर हातांची थरथरसुद्धा थांबेना. गालफडं बसली, पाय सुजले, डोळ्यांना पिवळट झाक आली. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणत, "सुम्ने, उगाच कशाला, अक्का? मी काय बेवडा आहे? एकादशीला थेंब नाही घेत मी. व्यसन असतं तर एकादशी जमली असती काय?"

ही त्यांची पक्की साक्ष होती आणि ती खोटीही नव्हती. एकादशीला दुकान बंद असे. आत ते घोंगडी पांघरून पडलेले असत; अंगाला घाम, कपाळ ओलं, ओठ कोरडे, दाराची कडी वाजली तरी दचकत. मी साबुदाण्याची खिचडी घेऊन जाई, ती तशीच राही. विठ्ठल मंदिरातली मंडळी म्हणत, किती कडक उपास करतो हा माणूस. मलाही तसंच वाटे. द्वादशीला सकाळी ते कोपऱ्यावर जाऊन येत आणि त्यांना बरं वाटे. उपास सोडल्यामुळे बरं वाटलं, अशी आम्हा सगळ्यांची समजूत.

त्यांची एकुलती मुलगी सुजाता विजयनगरला राहते. इथून बसने अर्धा तास. तिच्या लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला श्रीपतराव पाहुण्यांसमोर धडपडले, तेव्हापासून तिने येणं थांबवलं होतं. तिला मी दोष देत नाही. तिने आईचे हालही पाहिले होते. नात शाळेत जाईल एवढी झाली तेव्हा सुजाताचा फोन आला. मी दुकानातच होते, तिचा चढा आवाज मलाही ऐकू आला. "अप्पा, माळ घाला. माळ घातलीत की मी स्वतः न्यायला येईन. तोवर बेड, नकोच." श्रीपतरावांनी फोन खाली ठेवला. मग मला म्हणाले, "अक्का, नातीच्या मापाचा अंदाज सांगा. परकर-पोलकं शिवतो."

तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू त्या क्षणापासून सुटते, असा मंदिरातल्या मंडळींचा नेम. मंदिरातले सगळ्यांत वडीलधारे किसनराव यांनी स्वतःच्या हाताने श्रीपतरावांच्या गळ्यात माळ घातली. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. किसनरावांनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, "सोडायची तर अशी, एका झटक्यात." श्रीपतराव लहान मुलासारखे रडले. सुजाता रविवारी येणार होती. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी एकटीसाठी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावर गेले नाहीत. यंत्र मात्र सकाळीच सुरू झालं, तेही थांबत थांबत. जाऊन पाहिलं तर हिरव्या रेशमाचा परकर सुईखाली होता आणि हात असे थरथरत होते की कापड सरळ राहीना. कपाळावरून घाम गळत होता. "राहू द्या, उद्या शिवा," मी म्हटलं. "माळ आहे ना गळ्यात, आता हात ऐकेल," ते म्हणाले, आणि काठाची शिवण पुरी करूनच उठले. किसनराव संध्याकाळी डोकावून गेले. "विष बाहेर पडतंय, पडू दे," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवण घेऊन गेले. श्रीपतराव चटईवर बसून चादरीवरचे धागे वेचत होते. शिवून झाल्यावर शिंपी कापडावरचे सुटे धागे टिपतो, अगदी तसे. चादर स्वच्छ होती. ते टिपत, बाजूला ठेवत, पुन्हा टिपत. "नोडी, बघा अक्का, किती धागे झालेत. लीला उभी आहे, तिला बसायलाही जागा नाही." त्यांनी दाराकडे पाहून हात केला. दारात कुणी नव्हतं. अंग तव्यासारखं तापलं होतं.

मी किसनरावांना बोलावलं. ते आणखी दोघांना घेऊन आले. श्रीपतराव आता वर पाहून हात जोडत होते, मध्येच घाबरून मागे सरत होते. किसनरावांचे डोळे भरून आले. "याला दिसतंय," ते म्हणाले. "तीन दिवसांची माळ, आणि याला दिसतंय." त्यांनी श्रीपतरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. दोघांनी टाळ्या वाजवत नामघोष धरला. खरं सांगते, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. तेवढ्यात श्रीपतरावांची मान ताठ झाली, दातखीळ बसली आणि सगळं शरीर आचके देऊ लागलं. नामघोष थांबला. आम्ही त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न कानडीत विचारला, "शेवटचं कधी प्यायले?" किसनराव छाती पुढे काढून म्हणाले, "एक थेंब नाही, डॉक्टर. तीन दिवस झाले, सोडलीच."

"तेच झालंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सावकाश समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला धरूनच चालायला शिकलेला असतो. ती एकाएकी तोडली की तो बेभान होतो. आधी हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. मग झटके येतात, नाही ते दिसू लागतं, ताप चढतो, आणि माणूस जाऊही शकतो. अशा माणसाने सोडायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन. "सकाळी हात थांबवायला प्यावी लागत होती का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "पहिल्या दिवशी आणलं असतं तर औषधाने निभावलं असतं," त्या म्हणाल्या. एकादशीची घोंगडी माझ्या डोळ्यांपुढे आली. तो उपास नव्हता. ज्या दिवसाची ते साक्ष काढत, तोच दिवस त्यांच्याविरुद्ध ओरडून सांगत होता, आणि आम्ही खिचडी नेत होतो.

रविवार उजाडायच्या आत श्रीपतराव गेले. सुजाता आली ती थेट इस्पितळात. लिव्हर संपलं होतं, हृदयाला ताण झेपला नाही, एवढंच तिला सांगण्यात आलं. तेही खरंच होतं. मंदिरातले म्हणाले, गळ्यात माळ असताना गेला, सोनं झालं. मला त्या सोन्याचा फार राग आला, अजूनही येतो. आता कुणी दारू सोडायला म्हणून माळ मागितली, की किसनराव आधी विचारतात, "सकाळी हात कापतात?" हो म्हटलं की स्वतः त्याच्याबरोबर इस्पितळात जातात. माळ नंतर.

यंत्र वर्षभर तसंच होतं. भिंतीपलीकडून आवाज येत नाही याची सवय मला झालेली नाही; सकाळी कान तिकडेच जातो. गेल्या महिन्यात सुजाता यंत्र न्यायला आली. खण उघडताना तिला तो हिरवा परकर सापडला. तिने काठ उलगडला. शिवण दारुड्याच्या चालीसारखी इकडून तिकडे गेली होती, दोनदा उसवून पुन्हा घातलेली. अख्ख्या म्हैसुरात ज्या हाताची शिवण ओळखू यायची, त्या हाताची ही शिवण.

तिने काठावरून बोट फिरवलं. मग वर न पाहता म्हणाली, "सगळे म्हणतात अप्पांनी सोडली होती. मला खोटं सांगतात, ना मावशी? हे पिऊनच शिवलंय."

"नाही गं," मी म्हटलं. "हे एवढंच त्यांनी न पिता शिवलं."

तिने मान वर केली. डॉक्टरीणबाई जे बोलल्या होत्या ते सगळं माझ्या ओठांवर आलं. तिच्या हातात तो परकर होता.

"तुझ्यासाठी सोडली होती," मी म्हटलं. "अष्टे."