दादांनी बंद केलेला हीटर

आई गेल्यावर वडील किकवीच्या घरात एकटेच उरले. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. जन्मभर एसटीत कंडक्टर होते. मी त्यांची एकुलती एक लेक, नवऱ्याबरोबर नुकतीच मँचेस्टरला गेलेली. हिवाळा तरी आमच्याकडे काढा, म्हणून हट्टानं त्यांना बोलावून घेतलं.

पहिल्याच दिवशी बसच्या तिकिटाचे त्यांनी रुपये केले. मग म्हणाले, "एवढ्यात म्या अर्ध्या तिकिटावर आठवडाभर भोरला जाऊन यीन." कोथिंबीर, दूध, केस कापणं, सगळ्याची नसरापूरच्या भावाशी तुलना. आम्ही हसायचो. खरं तर निघण्याआधी आम्हीही तेच केलं होतं. पगार बघितला, भाडं, किराणा, बस वजा केली. शिल्लक दिसली, निघालो. थंडीचा खर्च धरायचं सुचलंच नाही. आमच्या घरातला हीटर गॅसवर चाले, आणि मीटरमध्ये आधी पैसे भरावे लागत.

एकदा डोकं दुखायला लागलं म्हणून मी दुपारीच घरी आले. घर गारठलेलं. दादा दोन स्वेटर, कानटोपी घालून, आमचं पांघरूण लपेटून खुर्चीत बसलेले.

"दादा, हीटर का बंद?"

"एकट्या माणसापायी कशाला जाळायचा? तुमी यायच्या आधी लावतो की म्या."

रोज तसंच चाललं होतं. मी रागावले, रडले. ते हो म्हणाले, पण आम्ही कामावर गेलो की काय करत होते, देव जाणे.

पुढं खोकला धरला. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणत, "साधा खोकला हाय. घरी गेल्याव भोरला दावू." पाहुण्या माणसाला इथं दवाखान्यात ठेवलं तर किती लागतात, हे त्यांनी शेजारच्या गुजराती काकांना आधीच विचारलं होतं. ते मला फार उशिरा कळलं.

एका सकाळी ते बाथरूममध्ये कोसळले. न्यूमोनिया, त्यात हृदय आधीपासूनच कमजोर. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "हितं एका दिवसाचं किती?"

"काही नाही दादा, विमा आहे," मी म्हणाले. जुन्या दुखण्याला तो लागू नव्हता. दादांनी जावयाकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. दादांनी डोळे मिटले, आणि मग माझ्याशी फारसं बोललेच नाहीत. त्याच आठवड्यात गेले.

त्यांना किकवीला न्यायला किती खर्च येईल, हे नवऱ्यानं फोनवर विचारलं. दवाखान्याचं बिल अजून यायचं होतं. आम्ही तिथंच अग्नी दिला. तिथं तो बटण दाबून देतात.

अस्थी घेऊन गावी आले तेव्हा आत्या ओट्यावर बसली होती. तिनं माझ्या हातातला डबा घेतला, पदरानं पुसला.

"भावाचं तोंडबी बगाया मिळालं न्हाई गं," म्हणाली. "आणलं का न्हाईस?"

कागदपत्रांना फार वेळ लागतो, असं काहीतरी मी सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि मला जेवायला वाढायला आत गेली.