चौकोनाचा धुरा

कापसानं सगळ्यांची कंबर मोडली होती त्या वर्षांत आमच्या बोरी अरबजवळच्या गावात पुढारी, पत्रकार अशा पाहुण्यांच्या जिपा फार यायच्या. मी मात्र एसटीनं आले, बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊन. नागपूरच्या एका प्रकल्पात मला नोकरी लागली होती. साऱ्या पृथ्वीचं पुढचं हवामान सांगणाऱ्या गणितातून आम्ही विदर्भाचं हवामान काढत होतो. त्या गणितानं पृथ्वीचे चौकोन पाडलेले. एकेका चौकोनात दोन-तीन जिल्हे मावत आणि साऱ्यांना पाऊस एकच.

घरी बाबा आणि काका यांची वाटणी अडली होती. वावर एक, मधला धुरा, म्हणजे बांध, कुठून टाकायचा यावरून दोघांचं बोलणं बंद. मी मोठ्या कौतुकानं नकाशा ओसरीत पसरला आणि फसले. दोन चौकोनांमधली रेघ नेमकी आमच्या गावावरून गेली होती. उगवतीला निळा रंग, म्हणजे पाऊस वाढणार. मावळतीला तांबडा, म्हणजे घटणार.

"चला, मोजनी झाली," काका म्हणाले. "धुरा हाच. निळं माहं."

"काहून? मोठा मी आहो!" बाबा गरजले.

ही मोजणी नाही, रेघेच्या जाडीतच चार गावं बसतात, ढग काही रेघ पाहून थांबत नाही, असं मी घसा सुकेपर्यंत सांगितलं.

"मंग काढली कायले?" काकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ दोरी घेऊन वावरात उभे. काका रेघ कडुलिंबाच्या अलीकडून नेत, बाबा पलीकडून. तलाठ्याला बोलावलं, तर त्यानं नकाशा उलटापालटा करून शिक्का कुठं आहे ते विचारलं. मला हसू येत होतं आणि संतापही. एका ताटात जेवलेली ही माणसं, अजून न पडलेल्या पावसावरून एकमेकांचा गळा धरायला निघाली होती.

शेवटी मीच म्हटलं, थांबा, बारीक चौकोनांचा नकाशा आणते. मग नागपूरला आम्ही त्या गणितात इथले डोंगर, जंगल, पावसाच्या जुन्या नोंदी घातल्या. रेघ खरंच गावावरून हलली. आमचं अख्खं वावर एका रंगात आलं. तांबड्या.

पाऊस येईल तो धो-धो येईल आणि ऐन बोंडं भरताना दडी मारील, हेही मी समजावलं.

मग काका हळूच म्हणाले, "भाऊ, तू मोठा. तूच ठेव सारं."

"नाही बाप्पा. तुही लेकरं लहान आहेत. तू घे."

पंगतीत जिलबीचा आग्रह करावा तसे दोघं वावर एकमेकांच्या पानात वाढू लागले. समेट झाला म्हणून आईनं चहा टाकला. वावर कुणीच घेईना, तेव्हा दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

"बाई," बाबा म्हणाले, "तुले पाह्यजे का वावर?"

आमच्या खानदानात मुलीला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मी हो म्हणाले. तेव्हापासून मी माझ्याच नकाशात चूक शोधते आहे.